आठ पाहुणे आणि एक पातेलं: घरच्या घरी केसश्पेट्सले

जर्मनीत नवीन असताना कुणाला जेवायला बोलावलं की आपल्या हातून दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, श्रीखंड असा साग्रसंगीत बेत. नाही तर ऐन वेळी मागवलेला पिझ्झा. स्टुटगार्टला येऊन तीन वर्षं झाल्यावर मला तिसरा रस्ता सापडला: इथलाच पदार्थ, इथल्याच पद्धतीने, पण आपल्या ओट्यावर. जर्मन पाहुणे आधी थोडे संशयाने बघतात आणि मग हळूच स्वयंपाकघरात शिरतात. मराठी मंडळी 'अरे, हे तर शेव पाडण्यासारखंच आहे' म्हणून बाह्या सरसावतात. जेवण वाढायच्या आधीच गप्पा सुरू झालेल्या असतात.

पदार्थाचं नाव केसश्पेट्सले. मैदा आणि अंड्यांचं सैलसर पीठ उकळत्या पाण्यात पाडून केलेल्या जाड, वेड्यावाकड्या शेवया, त्यांच्या थरांमध्ये किसलेलं चीज आणि वर तपकिरी होईपर्यंत परतलेला कांदा. मांस नाही, विकतचा सॉस नाही, मसाल्याच्या नावाने मीठ, मिरी आणि जायफळ. आठ-दहा जणांच्या बैठकीसाठी मी डोळे मिटून हाच पदार्थ सुचवते. झाउअरब्राटनसारखा प्रसिद्ध जर्मन पदार्थ करायचा तर गोमांस कित्येक दिवस आंबट पाण्यात मुरत ठेवावं लागतं, आणि आपल्या पाहुण्यांपैकी निम्मे ते खाणारही नसतात.

नावाबद्दल थोडं, कारण पाहुणे विचारतातच. 'श्पात्स' म्हणजे चिमणी आणि 'ले' हा स्वाबियन, म्हणजे स्टुटगार्टकडच्या, बोलीतला लाडाचा प्रत्यय. हे लोक घराला 'हॉयस्ले' म्हणतात, तसे हे 'श्पेट्सले', म्हणजे चिमुकल्या चिमण्या. मराठीत बोलताना मी हा शब्द पोह्यांसारखा अनेकवचनीच वापरते: श्पेट्सले केले, श्पेट्सले संपले, श्पेट्सल्यांचं पीठ. शुद्ध जर्मनमध्ये चीज म्हणजे 'केझे', पण स्वाबियन माणूस शेवटचा स्वर गिळून 'केस' म्हणतो. मराठी मित्रांना आमंत्रण पाठवताना 'शनिवारी आमच्याकडे केस...' एवढंच लिहून अर्ध्यात पाठवू नका. माझ्याकडून ते झालं आहे.

हा पदार्थ श्वाबेनचा, म्हणजे स्टुटगार्ट, ट्यूबिंगेन, उल्म आणि मधलं श्वेबिशे आल्ब नावाचं चुनखडीचं पठार या पट्ट्यातला. दक्षिणेला आल्गॉयमध्ये गेलात की तो 'केसश्पात्सन' होतो, आणि सीमेपलीकडे ऑस्ट्रियाच्या फोरार्लबेर्गमध्ये बुटकी गोळी होऊन 'केसक्न्योफ्ले'. तिन्ही ठिकाणचे लोक आपलाच खरा असं म्हणतात, त्यात आपण पडायचं नाही. 'श्वेबिशे श्पेट्सले' या नावाला २०१२ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे, म्हणजे आपल्याकडे नागपूरच्या संत्र्याला आहे तसं.

आधी पाहुणे मोजा, आणि त्यांना विचारा

माझं प्रमाण सोपं आहे: माणशी १०० ग्रॅम पीठ आणि एक अंडं. त्यापलीकडे काही आजीबाई 'आणि एक अंडं पातेल्यासाठी' म्हणतात. चीज आणि कांदा धरून हे पोटभर होतं, थोडं उरतंच. आठ जणांसाठी खरेदीची यादी अशी होते:

मैदा ८०० ग्रॅम, मध्यम आकाराची ८ अंडी, पाणी साधारण ३५० मिलिलिटर, मीठ २ चमचे, पाव जायफळ, चीज ६०० ते ७०० ग्रॅम, मोठे कांदे ६, बटर १०० ग्रॅम, मिरी, आणि वरून भुरभुरायला श्निटलाउख, म्हणजे आपल्या पातीच्या कांद्याची बारीक, केसासारखी बहीण.

जर्मन मैद्याच्या पाकिटावर आकडा असतो. तो पिठातल्या खनिजांचा: १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर जी राख उरते, ती किती मिलिग्रॅम, ते हा आकडा सांगतो. ४०५ म्हणजे सगळ्यात पांढरं, ५५० थोडं गडद, १०५० म्हणजे आपल्या कणकेच्या वाटेवरचं. ४०५ चालतं. पण स्टुटगार्टच्या आसपासच्या सुपरमार्केटांत 'श्पेट्सलेमेल' असं लिहिलेलं वेगळं पाकीट मिळतं, ते दिसलं तर तेच घ्या. हातात चोळून बघा, बारीक रव्यासारखं लागतं. हे दाणेदार पीठ पाणी सावकाश पितं, त्यामुळे गुठळ्या होत नाहीत आणि शेवया शिजल्यावर लिबलिबीत न होता दाताला थोड्या लागतात. ते मिळालं नाही तर ४०५च्या मैद्यात पाचवा हिस्सा बारीक रवा मिसळा.

अंड्यांवरचा शिक्काही वाचायला शिका. पहिला आकडा कोंबडी कशी पाळली ते सांगतो: ० म्हणजे सेंद्रिय, १ मोकळ्यावर, २ बंद शेडमध्ये जमिनीवर, ३ पिंजऱ्यात. मध्यम अंडं ५३ ते ६३ ग्रॅमचं असतं. मोठी घेतलीत तर पाणी थोडं कमी करा.

आता चीज. एकच प्रकार वापरलात तर पदार्थ सपाट लागतो. मी निम्मं बेर्गकेझे घेते, म्हणजे डोंगरातलं, मुरलेलं, थोडं तिखट. निम्मं एमेन्टालर, ते भोकाभोकांचं आणि गोडसर. पहिलं चव देतं, दुसरं तार देतं. आल्गॉयची जुनी मंडळी यात लिंबुर्गर किंवा रोमादुर घालतात. ते चवीला सुरेख असतं, पण वासाला सुके बोंबील वाळत घातल्यासारखं. कोकणातल्या माणसाला चालेल, बाकीच्यांना विचारून घ्या. तयार किसलेलं चीज टाळा. चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च लावलेला असतो, आणि मग वितळताना नीट तार धरत नाही.

शाकाहारी पाहुण्यांसाठी एक गोष्ट नीट बघावी लागते. बरीच जुनी, मुरलेली चिजं वासराच्या जठरातून काढलेल्या विरजणाने, इथल्या भाषेत 'लाब'ने, लावलेली असतात. ग्रूयेर या स्विस चीजमध्ये तर ते असतंच. पाकिटावर 'मिक्रोबिएलेस लाब' लिहिलं असेल तर ते बुरशीपासून किंवा जिवाणूंपासून केलेलं. लिहिलं नसेल तर काउंटरवर विचारा. चीजवाल्या बायकांना हा प्रश्न नवा नसतो. माझ्या एका मैत्रिणीच्या सासूबाई इथे तीन महिने राहायला आल्या होत्या. हे कळल्यावर त्यांनी पहिल्या दोन महिन्यांत खाल्लेल्या सगळ्या चीजचा हिशेब मांडला होता. आधी विचारलेलं बरं. दूध न पचणाऱ्यांना मात्र घाबरवू नका: मुरलेल्या बेर्गकेझेत आणि एमेन्टालरमध्ये दुग्धशर्करा जवळपास उरलेलीच नसते.

खरेदी शनिवारी दुपारपर्यंत आटपा. रविवारी इथली दुकानं बंद असतात हे नवख्या माणसाला माहीत असतं, पण अंगात भिनायला वर्ष जातं. हौस असेल तर चीज आणायला स्टुटगार्टच्या जुन्या मार्कटहालेत जा. १९१४ सालचा तो बाजार नुसता बघण्यासारखा आहे. भाव बघून मी अर्धी खरेदी तिथे आणि अर्धी कोपऱ्यावरच्या स्वस्त दुकानात करते.

पाडायचं कशाने

चार साधनं आहेत, त्यातलं एक निवडा.

सगळ्यात जुनं म्हणजे फळी आणि पट्टी. मूठ असलेल्या ओल्या लाकडी फळीवर पीठ पातळ पसरायचं, फळी पातेल्याच्या काठावर टेकवायची आणि लोखंडी पट्टीने पिठाची कड भराभर पाण्यात खरवडायची. हॉटेलच्या पाटीवर 'फोम ब्रेट', म्हणजे 'फळीवरून', दिसलं तर ते याचं कौतुक. स्वाबियन आजी मिनिटाला शंभर पाडते. आपण पहिल्या दिवशी करायला गेलो तर पातेल्यात शेवया कमी आणि अंगठे जास्त पडतात.

दुसरं, श्पेट्सलेप्रेस. दोन लांब दांड्यांच्या मध्ये भोकं असलेला डबा. पीठ भरून दांड्या दाबायच्या. लांबसडक, एकसारख्या शेवया येतात. तिसरं, होबेल: किसणीसारखी जाळी पातेल्यावर आडवी ठेवायची आणि तिच्यावरून पिठाची डबी पुढे-मागे सरकवायची. थेंबासारखे बुटके दाणे पडतात. नवख्यांसाठी मी होबेलच सांगते. स्वस्त असतो, हात भाजत नाहीत, आणि पाहुण्यांच्या लहान मुलांनाही मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली तो सरकवता येतो.

चौथं साधन तुमच्या घरात असण्याची शक्यता आहे. बुंदीचा मोठ्या भोकांचा झारा किंवा तशीच चाळण. पीठ वर ओतून उलथन्याने दाबायचं. आईने बांधून दिलेला पितळी सोऱ्या मीही करून पाहिला. शेवेची चकती लावली तर दाबताना खांदे निघाले, आणि चकलीची लावली तर न दाबताच पीठ गळून अर्धं शेगडीवर. सोऱ्या चकलीसाठीच ठेवा.

पीठ

सगळा खेळ इथे आहे, म्हणून सावकाश वाचा.

८०० ग्रॅम पीठ एकदम फेटायला दंडात जोर लागतो, म्हणून दोन भागांत करा. ४०० ग्रॅम पीठ मोठ्या वाडग्यात घ्या, मीठ आणि किसलेलं जायफळ मिसळा. मधे खळगा करून चार अंडी फोडा. लाकडी डावाने मधूनच बाहेर ढवळत जा. मग पाणी घाला, पण एकदम नाही. आधी शंभर मिलिलिटर, पुढचं चमच्या-चमच्याने. पुष्कळजण साध्या पाण्याऐवजी सोड्याचं बाटलीतलं पाणी घालतात. जर्मन घरात ते असतंच आणि त्याने शेवया जराशा हलक्या होतात.

आता फेटा. गोल फिरवू नका. डाव खालून वर ओढत, पीठ उचलून आपटत राहा. अनारशाच्या पिठासारखं हळुवार वागायची गरज नाही, हे पीठ मार खाऊनच सुधारतं. पाच-सहा मिनिटांत ते चकचकीत दिसायला लागतं, भांड्याच्या कडा सोडतं आणि पृष्ठभागावर मोठे बुडबुडे येऊन फुटतात. हे बुडबुडे ही इथली खूण. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी वाडग्यात डोकावून फक्त बुडबुडे बघायच्या, घड्याळ कधीच नाही. इथे मिक्सरच्या आकडी पात्यांनीही काम होतं, पण त्या काळात आजींना ते सांगायची माझी छाती नव्हती.

किती सैल? भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट, मेदुवड्याच्या पिठापेक्षा किंचित सैल, आणि दोन्हींपेक्षा कितीतरी जास्त चिवट. डाव वर उचलून उभा धरा. पीठ धारेसारखं वाहून गेलं तर पातळ झालं. गोळा होऊन चिकटून बसलं तर घट्ट. जड, जाड पट्टी होऊन ती आळसावल्यासारखी खाली येत, लांबत लांबत तुटली, की जमलं. मग झाकून वीस ते तीस मिनिटं ठेवा. पिठाला पाणी प्यायला हा वेळ लागतो. दाणेदार पीठ असेल तर अर्धा तास ठेवाच, आणि नंतर पुन्हा घट्ट वाटलं तर चमचाभर पाणी घालून दहा वेळा फेटा.

पहिल्या वेळी माझं पीठ पातळ झालं होतं. मी ते उकळत्या पाण्यात पाडलं, वाट बघितली, आणि झाऱ्यात काहीच आलं नाही. पातेल्यात अंड्याची पेज तयार झाली होती. आठ माणसं बाहेर बसलेली. म्हणून आता मी पाहुणे यायच्या आधी एका लहान भांड्यात पाणी उकळून चमचाभर पीठ पाडून बघते. विरघळलं तर मैदा वाढवायचा, रबरासारखं लागलं तर पाणी. दोन मिनिटांचं काम आहे.

अंडं न खाणाऱ्यांसाठी

मराठी बैठकीत असे एक-दोन जण असतातच, आणि त्यांना नुसत्या सॅलडवर ठेवणं बरं दिसत नाही. दोघांसाठी २०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बारीक रवा, अर्धा चमचा मीठ, रंगापुरती हळद आणि साधारण २०० मिलिलिटर सोड्याचं पाणी. रवा इथे 'हार्टवाइत्सनग्रीस' नावाने मिळतो. तो कडक गव्हाचा असतो आणि अंड्याच्या जागी आधार देतो. हे पीठ जास्त फेटावं लागतं आणि अर्धा तास तरी ठेवावं लागतं. पाण्यात सगळ्यात आधी हे पाडा, अंड्याचं नंतर. भांडंही वेगळं ठेवा आणि त्यावर चिठ्ठी लावा. चव थोडी वेगळी लागते, वाईट नाही. आमच्याकडे हळद बघून एका जर्मन पाहुण्याने 'हे भारतीय श्पेट्सले का?' असं विचारलं होतं. मी हो म्हणाले.

कांदा, दुपारीच

सहा कांदे अर्धगोल, पातळ, एकसारखे कापा. जाड बुडाच्या पॅनमध्ये निम्मं बटर आणि दोन चमचे तेल घाला. नुसतं बटर जळतं. आच मध्यमपेक्षा कमी. आधी कांदा पाणी सोडेल, मऊ होईल, मग पिवळा, मग बदामी. यात अर्धा तास जातो, आणि हा अर्धा तास वाचवायचा कुठलाही उपाय नाही. बिर्याणीसाठी ज्यांनी कांदा तळला आहे त्यांना हा संयम माहीत आहे. शेवटच्या पाच मिनिटांत आच वाढवून गडद करा आणि लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाही तर गरम पॅनमध्येच तो काळा पडतो.

काहींना कुरकुरीत कांदा आवडतो. ते कांद्यावर थोडा मैदा भुरभुरून तेलात तळतात. सुपरमार्केटात तयार तळलेल्या कांद्याचा डबाही मिळतो. मी मऊ, गोडसर कांदा बहुतेक सगळा घालते आणि वर मूठभर कुरकुरीत. खिडकी उघडी ठेवा, आणि कोट अडकवलेल्या खोलीचं दार बंद. पाहुण्यांचे कोट आठवडाभर कांद्याचा वास धरून बसतात.

सॅलड नसेल तर हा बेत अर्धा

इतकं चीज पोटात जाणार म्हणजे सोबत काहीतरी आंबट हवंच. आपल्याकडे पुरणपोळीबरोबर कटाची आमटी असते ना, तसं. हिरवी पानं, काकडी, मुळा यावर व्हिनेगर, तेल, मीठ आणि मोहरीची पेस्ट. पानं आधीच धुऊन कोरडी करा, पण व्हिनेगर वाढतानाच घाला.

स्वाबियन घरात या पानांच्या खाली बटाट्याचं सॅलड असतं, आणि त्यात मेयोनेज नसतं. ते उत्तरेकडचं काम. एक किलो घट्ट जातीचे बटाटे ('फेस्टकोखेन्ड' असं पाकिटावर बघा) सालीसकट उकडा, गरम असतानाच सोलून पातळ चकत्या करा. बारीक चिरलेला कांदा, एक चमचा मोहरीची पेस्ट, चार मोठे चमचे व्हिनेगर, मीठ आणि पाव लिटर कडकडीत भाज्यांचं सूप त्यावर ओता. पंधरा मिनिटं तसंच राहू द्या; बटाटा सूप पिऊन घेतो. तेल सगळ्यात शेवटी, कारण आधी घातलं तर बटाट्यावर थर बसतो आणि सूप आत जात नाही. झालेल्या सॅलडला इथे 'श्लोन्त्सिग' म्हणतात. ओलसर, जरा चिकट, ढवळताना 'पच्-पच्' असा आवाज करणारं. मराठीत मला त्यासाठी 'लुसलुशीत'पेक्षा जवळचा शब्द सापडत नाही. ढवळून ऐका, म्हणजे कळेल. हे सॅलड सकाळीच करून ठेवता येतं.

शेवटचा अर्धा तास

इथून पुढचं पाहुणे आल्यावर करायचं. जर्मन पाहुणे सहा म्हणजे सहाला दारात असतात. आपल्या लोकांचं तुम्हाला माहीत आहे. श्पेट्सले थांबत नाहीत, म्हणून मी मराठी ग्रुपवर स्पष्ट लिहिते: साडेसहाला पातेलं चढणार, सातला ताटं.

ओव्हन १०० अंशांवर लावून त्यात मोठं, खोल काचेचं किंवा मातीचं भांडं गरम करत ठेवा. ताटल्याही आत ठेवल्यात तर उत्तम, कारण थंड ताटलीत चीज दोन मिनिटांत गोठतं. घरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात पाच लिटर पाणी उकळा, लिटरला १० ग्रॅमच्या हिशेबाने मीठ घाला. किसलेलं चीज, कांदा, झारा, मिरी हाताशी. एवढी मांडामांड झाल्याशिवाय पहिली शेव पाडायची नाही.

आता माणसं नेमा. एकजण होबेल चालवेल, एकजण झाऱ्याने काढेल, एकजण चीज भुरभुरेल, आणि चौथा ग्लास भरेल. यजमानाने एकट्याने शेगडीशी उभं राहून बाहेर हसण्याचे आवाज ऐकण्यासारखं दुसरं दुःख नाही, आणि या पदार्थात ते दुःख टाळता येतं.

पाणी खळखळ उकळत असताना होबेलच्या डबीत दोन डाव पीठ भरा आणि सरकवा. पाण्यावर वाफ असते म्हणून जाळी गरम होते; मध्येमध्ये ती थंड पाण्यात बुडवा, म्हणजे पीठ तिच्यावरच शिजून भोकं बुजणार नाहीत. एका वेळी थोडंच पाडा. पातेलं भरून टाकलंत तर उकळी बसते आणि सगळे एकमेकांना धरून बसतात. शेवया आधी बुडतात, मग वर येतात. वर आल्या की अर्धं-एक मिनिट थांबा आणि झाऱ्याने काढा. पाणी निथळू द्या, पण अगदी कोरडं नाही. थोडं उरलेलं पाणी चीजला सैल ठेवतं.

ओव्हनमधल्या भांड्यात पहिला थर, त्यावर मूठभर चीज, मिरी, चमचाभर कांदा. भांडं परत आत. पुढचा घाणा निघाला की दुसरा थर. आठ जणांचं पीठ साधारण आठ-दहा घाण्यांत संपतं, म्हणजे पंचवीस ते तीस मिनिटं. सगळ्यात वर चीज आणि उरलेलं बटर. मग दोन लांब काट्यांनी एकदा अलगद वर-खाली करा; काटा उचलल्यावर चीजच्या तारा निघाल्या पाहिजेत. कोरडं वाटलं तर शेवयांच्याच पाण्याचे दोन-तीन चमचे फिरवा. वर खरपूस आवडत असेल तर १८० अंशांवर आठ मिनिटं ठेवा, नाही तर तसंच मेजावर न्या. कांदा ढीग करून वर, त्यावर श्निटलाउख. चिमटीने नाही, मुठीने.

पहिल्यांदाच करताय आणि हात कापताहेत? मग सकाळी श्पेट्सले पाडून थंड पाण्याखाली धुवा, निथळवा, चमचाभर वितळलेलं बटर चोळून फ्रिजमध्ये ठेवा. संध्याकाळी चीजचे थर लावून, झाकून, १८० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं. ताज्याची सर नाही, पण कुणी तक्रार करत नाही.

भांडं मेजाच्या मधोमध ठेवा आणि ज्याने-त्याने वाढून घेऊ दे. 'गुटन आपेटीट' झाल्याशिवाय काटा उचलत नाहीत. ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं असतं, ते विसरलं की मोठी माणसं चेष्टेने टोकतात. सोबत सफरचंदाचा रस आणि सोडा मिळून होणारं 'आप्फेलशोर्ले' बहुतेकांना चालतं. वाइन घेणाऱ्यांसाठी इथल्या टेकड्यांवरची हलकी लाल ट्रोलिंगर. लोणच्याची बरणी मी बाहेर काढत नाही, पण लपवतही नाही. गेल्या खेपेला ती मागितली एका हाडाच्या स्वाबियन माणसाने. आंब्याची फोड श्पेट्सल्यांवर ठेवून खाल्ली आणि बायकोला म्हणाला की ही बरणी कुठे मिळते ते विचार.

नंतरची भांडी

होबेल, वाडगा, डाव लगेच थंड पाण्यात घाला. गरम पाणी लावलंत तर पिठातलं अंडं शिजून भोकांत सिमेंट होतं आणि मग टूथपिक घेऊन बसावं लागतं. चीजचं भांडं मात्र गरम पाण्यातच भिजवा. दहानंतर आवाज कमी करा. इथल्या इमारतीत रात्रीच्या शांततेचे नियम लोक मनापासून पाळतात, आणि तुमच्याकडे जिना झाडायची 'केअरवोखे' ही पाळी असेल त्याच आठवड्यात तर भलतंच लक्ष असतं.

उरलेले श्पेट्सले दुसऱ्या दिवशी पॅनमध्ये बटरवर, न ढवळता, खालून खरपूस होईपर्यंत परता. इथली माणसं वर अंडं फोडतात. मी एक हिरवी मिरची चिरून टाकते आणि सोमवारच्या डब्यात भरते.